शांत झालेला कान

मुलांच्या तातडीच्या विभागात सगळ्यांनाच घाई असते. स्ट्रेचर ढकलणाऱ्याला घाई, केसपेपर काढणाऱ्या खिडकीला घाई, आणि तापलेलं पोर खांद्यावर टाकून धावत आलेल्या आईबापांच्या घाईबद्दल तर बोलायलाच नको. अशा ठिकाणी एखादी बाई उठता-बसता "थांबा, जरा थांबा" म्हणत असेल, तर तिचं दुसरं काय होणार? तिचं नाव पडलं थांबाबाई.

थांबाबाई तिथल्या सगळ्यांत जुन्या डॉक्टर. केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, एका खिशात स्टेथोस्कोप आणि दुसऱ्या खिशात खडू. मूल तपासून झालं की बाई गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसायच्या आणि फरशीवर त्याचा घसा, नाहीतर त्याचं पोट काढून दाखवायच्या. झाडूवाली मावशी मागून फडकं घेऊन यायची आणि म्हणायची, "बाई, सकाळपासून तुमची तीन फुप्फुसं पुसली मी. आता पुरे."

इस्पितळाने बाईंवर एक काम सोपवलं होतं. या विभागात मुलांना अँटिबायोटिक फार दिलं जात होतं. सर्दी, खोकला, घसा, साधा ताप, यातलं बहुतेक विषाणूंचं काम. अँटिबायोटिक त्यांच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक होतं. तरी ते लिहीत होते. रांग दाराबाहेर गेलेली, आई रडवेली, बाप हमरीतुमरीवर आलेला. "हे घ्या औषध" म्हणायला श्वासभर वेळ लागतो, "याची गरज नाही" हे पटवताना घसा बसतो. शिवाय मनात भीती असतेच, आपण नाही दिलं आणि पोर बिघडलं तर?

या भीतीवर बाईंनी एक तोड काढली. व्हरांड्याच्या टोकाला मोडक्या चाकांच्या खुर्च्या कोंबलेली एक खोली होती, ती त्यांनी रिकामी करून घेतली आणि फेरतपासणीची खोली केली. ज्या मुलाला औषधाविना घरी पाठवलं, त्याच्या आईबापांना शंका आली तर त्यांनी कोणत्याही दिवशी दुपारच्या चहानंतर यावं, रांग नाही, चिठ्ठी नाही, थेट दार लोटावं. बाई आत असणारच. नव्या डॉक्टरांना त्यांनी सांगून ठेवलं, "गरज वाटत नसेल तर बिनधास्त थांबा म्हणा. मागे मी बसलेय."

आणि बाई खरोखरच बसल्या. रोज बसल्या. येत मात्र कुणी नव्हतं.

सुरुवातीला याचा त्यांना आनंद व्हायचा. रिकामी खुर्ची म्हणजे बरं झालेलं पोर, असा त्यांचा हिशेब. दार सताड उघडं ठेवून त्या बसायच्या. समोर छोटी खुर्ची, तिच्यावर कापूस भरलेलं अस्वल. व्हरांड्यातून पावलं जायची, एखादं पोर आत डोकवायचं आणि आई त्याला ओढून न्यायची. बाई उगाच पेन सरळ करायच्या, पडदा सारखा करायच्या. ज्याने औषध दिलं त्याचं नाव दहा घरांत निघतं, ज्याने दिलं नाही त्याला कोण कशाला आठवेल? हे त्यांना कळत होतं. पण कळणं वेगळं आणि संध्याकाळी दिवा मालवून त्या खोलीला कुलूप लावणं वेगळं.

घरीही तशीच खोली वाट पाहत असायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूर देशी, दर रविवारी त्याचा फोन. "आई, कशी आहेस?" "मस्त. माझी मुळीच काळजी करायची नाही." एवढं बाई इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या की मुलाने आज्ञाधारकपणे काळजी करणं सोडून दिलं होतं. फोन आखूड होत चालला होता. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या घरी बातम्या लागल्या की बाई आपला टीव्ही बंद करून त्यांच्याच ऐकायच्या. तेवढीच सोबत.

अशाच एका आठवड्यात मुंगी आली. खरं नाव केसपेपरवर होतं, पण आई तिला मुंगी म्हणायची आणि पोरगी होतीही तशीच, बारकी, चपळ, पहिलीत जाणारी. एका हाताने कान दाबून धरलेला. आईच्या बाहीला रंगीत दोरे चिकटले होते, शिवणकारखान्यातून तशीच उठून आली होती.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही हिचा," आई म्हणाली. "तासाभरात परत जायचंय मला, सुपरवायझर टपूनच बसलाय. काय ते औषध लवकर द्या."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या, आणि कान बघायचा दिवा त्यांनी मुंगीच्याच हातात दिला. "आधी तू माझा कान बघ. मग मी तुझा."

मुंगीने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"काय दिसलं?"

"मळ."

"अगं ए!" आई ओरडली. बाई मात्र खो खो हसल्या. "असू दे. खरं बोलणारं माणूस इकडे फार कमी येतं."

मग त्यांनी मुंगीचा कान पाहिला. आतला पडदा गुलाबी झाला होता, पण ताणून फुगलेला नव्हता. ताप किरकोळ, दुसरा कान स्वच्छ, पोरगी हसती-बोलती. बाई खाली बसल्या. खडूने त्यांनी एक बोगदा काढला आणि बोगद्याच्या टोकाला ढोल.

"हा तुझ्या कानातला ढोल. सध्या तो रुसलाय. असे बहुतेक ढोल दोन-तीन दिवसांत आपोआप हसायला लागतात."

"मग औषध?"

"दुखण्याचं देते. मोठं औषध आज नको. ते म्हणजे पहारेकरी बघ. चोर आले की बोलवायचा. उगाच रोज उठून शिट्टी मारत फिरला, तर काय होईल?"

मुंगीने विचार केला. "चोरांना त्याची शिट्टी पाठ होईल."

"शहाणी गं माझी! आणि मग खरा चोर आला की?"

"तो लपून बसेल."

"बाई," आई मध्येच म्हणाली, "शाळा नंतर घ्या. शेजारणीच्या मुलाला इथूनच मोठ्या औषधाची गुलाबी बाटली मिळाली होती. आम्हालाच तेवढं कटवताय का?"

"कटवायचं असतं तर परत या म्हणाले असते का? माझी खोली व्हरांड्याच्या टोकाला आहे. कधीही या." बाईंनी मुंगीची हनुवटी वर केली. "हे काम तुझं. कान दुखतच राहिला किंवा ताप चढला, तर आईचा हात धरून माझ्याकडे आणायचं. काय करायचं?"

"दुखलं तर यायचं."

"शाब्बास!"

"आणि नाही दुखलं तर?"

"मग कशाला यायचं? मग खेळायचं."

मुंगीने मान डोलावली. आईने ओठ घट्ट मिटून पोरीला उचललं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी छोट्या खुर्चीवरचं अस्वल खाली काढून ठेवलं. मुंगी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही आली नाही. बाईंनी अस्वल परत वर बसवलं. बरी झाली म्हणायची.

मान वर केली तर दारात विभागप्रमुख उभा होता. एके काळचा त्यांचा विद्यार्थी. चार माणसांत बाई त्याला अहोजाहो करायच्या, पण आत्ता चार माणसं नव्हतीच.

"मॅडम, बसू का?"

"बस की. इथे खुर्च्यांना काय तोटा?"

तो अस्वल मांडीवर घेऊन बसला. बोलायचं अवघड होतं हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरूनच दिसत होतं. "मॅडम, दम्याची मुलं व्हरांड्यात बसून वाफ घेताहेत. यंत्रं आहेत, जागा नाही. ही खोली मला लागणार. सोमवारपासून."

"आणि फेरतपासणी?"

"इथे माशीसुद्धा फिरकत नाही हो."

"फिरकत नाही, कारण पोरं बरी होताहेत."

"कशावरून?" तो हळूच म्हणाला. "रागावून दुसऱ्या डॉक्टरकडे गेली नसतील कशावरून? घरीच कण्हत पडली नसतील कशावरून? नवे डॉक्टर मला विचारतात, मॅडमच्या भरवशावर आम्ही थांबा म्हणतो, पण पुढे काय होतं कुणाला माहीत? दोघं-तिघं पुन्हा सरसकट लिहायला लागलेत. मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, तपासल्याशिवाय निदान करायचं नाही म्हणून? मग या रिकाम्या खुर्चीचं निदान कसं केलंत?"

बाईंनी उगाच पेन सरळ केलं. विद्यार्थी चांगला निघाला की असं होतं.

"मला काही दाखवलंत," तो उठताना म्हणाला, "की हे नीट चाललंय, तर दुसरी जागा शोधतो मी. पण नुसतं 'कुणी येत नाही' हे मी कुणाला दाखवू?"

तो गेला. अस्वल खुर्चीवर उलटं पडलं होतं. बाई कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या. आपण इतके दिवस शांततेला नाडी समजून मोजत होतो की काय? खोली गेली तर गेली, चार भिंतींचं काय एवढं? पण खोलीपाठोपाठ नव्या डॉक्टरांचा धीर जाणार होता, आणि गुलाबी बाटल्यांचा पूर पुन्हा सुरू होणार होता. मग पहारेकऱ्याची शिट्टी गावभरच्या चोरांना पाठ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या सिस्टरकडून फोन मागून आणला आणि औषधाविना घरी पाठवलेल्या मुलांचे केसपेपर पुढ्यात घेतले.

"आता काय," सिस्टर दाराला टेकून म्हणाली, "फोनवर खडूने काढून दाखवणार?"

"तू जा गं. तुझी टिंगल ऐकायला मला वेळ नाही."

"वेळ नाही? तुम्हाला? या खोलीत?" सिस्टर हसली, पण जाताना कोऱ्या चहाचा कप ठेवून गेली.

पहिला फोन एका आजोबांनी उचलला. "कोण? दवाखाना? आमचं काही विसरलं का तिथे?"

"नाही हो. तुमचा खोकणारा नातू कसा आहे ते विचारायचं होतं."

"तो झाडावर आहे."

"आणि खोकला?"

"तोही त्याच्याबरोबर झाडावर. पण कमी आहे आता. उतरला की सांगतो डॉक्टरीणबाईंचा फोन होता. आजवर कुणी विचारलं नव्हतं हो असं!"

दुसऱ्या घरी एक आई फटकळ निघाली. "तुमच्या थांबा-थांबाला कंटाळून आम्ही चौकातल्या डॉक्टरांकडून बाटली आणली. दोन चमच्यांत पोर खडखडीत."

"छान झालं. जुलाब थांबले का त्याचे?"

आईचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या बाटलीने होतात पुष्कळांना. पाणी पाजत राहा. आणि पुढच्या वेळी माझ्याशी भांडायला तरी या, बाई. कुणीतरी या."

हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं निसटलं ते त्यांनाच कळलं नाही. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

मग मुंगीचा नंबर. आईने फोन उचलला तेव्हा मागे शिलाई यंत्रांचा खडखडाट होता. आज शाळेला सुट्टी, म्हणून पोरगीही तिथेच होती. "हां, बोला. कान? थांबला हो दुखायचा. परवा संध्याकाळी रडरड रडली आणि एकाएकी गप्प. तेव्हापासून चकार शब्द नाही. खेळतेय."

"वा," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी पेन उचललं, केसपेपरवर 'बरी आहे' लिहायला. अक्षरं उमटायच्या आधी हात अडखळला. एकाएकी?

"जरा तिला देता फोन?"

खडखड, कुजबुज, मग बारीक आवाज. "हॅलो, मी मुंगी."

"मुंगीबाई, ढोल काय म्हणतोय?"

"दुखत नाही."

"अजिबात?"

"अजिबात. पण कान रडतो."

बाईंच्या हातातलं पेन खाली गेलं. "कान रडतो म्हणजे?"

"त्याच्यातून पाणी येतं. चिकट. उशीवर पण. मी नाही रडत, तोच रडतो एकटा." आणि मग, आपण धडा नीट पाठ केलाय या अभिमानाने, "तुम्ही म्हणालात दुखलं तर यायचं. नाही दुखलं तर खेळायचं. म्हणून आम्ही नाही आलो."

कान जाणणाऱ्या माणसाला यापुढे काही विचारावं लागत नाही. पडद्याआड पू साठतो, पडदा ताणतो, दुखणं टिपेला पोहोचतं, आणि मग पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो. त्या क्षणी दुखणं थांबतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. हे बाईंनी किती विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. मुंगीला मात्र त्यांनी अर्धाच धडा दिला होता, आणि तिने तो दिल्याबरहुकूम पाळला होता.

"आईला दे," त्या म्हणाल्या. आणि आईला म्हणाल्या, "तिला घेऊन लगेच या. सुपरवायझरला मी सांगते, त्याला फोन द्या." सुपरवायझरशी बाई कशा बोलल्या हे व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. सिस्टर म्हणाली, एवढ्या वर्षांत थांबाबाईंच्या तोंडी 'ताबडतोब' हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला.

मुंगी आली ती अस्वलाच्या शेजारीच जाऊन बसली. बाईंनी कान अलगद पुसून पाहिला. पडद्याला बारीक भोक होतं. कानामागे सूज नव्हती, मान मोकळी वळत होती. अजून वेळ गेलेली नव्हती. त्यांनी अँटिबायोटिक लिहिलं, मात्रा आईकडून म्हणवून घेतली, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही हे सांगितलं, आणि कधी परत यायचं तेही.

"म्हणजे त्या दिवशीच हे दिलं असतं तर," आई म्हणाली. "तर पडदा फुटला नसता?"

"कदाचित नसता. कदाचित तरीही फुटला असता. मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीच्या कानाला औषधाची गरज दिसत नव्हती. तसाच कान उद्या कुणाचा आला, तर मी पुन्हा थांबाच म्हणेन. पण थांबा म्हणायचं आणि आपण खुर्चीत बसून राहायचं, हे चुकलं. मी विचारायला हवं होतं. भोक भरून येतं, बहुतेकदा येतंच. येईपर्यंत मी बघत राहणार आहे."

आईने औषधाची चिठ्ठी ओढून घेतली. ती रागावली होती, आणि तिने रागवायलाच हवं होतं.

"चूक तुमची?" मुंगीने विचारलं.

"माझी."

"मग कान धरा."

बाईंनी दोन्ही हातांनी आपले कान धरले. मुंगीने ते नीट धरलेत ना, हे वाकून पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, पण कपाळावरची आठी जरा सैल झाली.

तेवढ्यात विभागप्रमुख दारात आला. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. मायलेकी जाईपर्यंत तो बाजूला थांबला. मग म्हणाला, "मॅडम, नवे डॉक्टर आता म्हणणार, बघा, म्हणून पहिल्याच दिवशी द्यावं."

"म्हणू देत. आधी हे बघ." त्यांनी केसपेपर त्याच्यापुढे सरकवले. बहुतेकांवर त्यांच्या बारीक अक्षरात 'बरा', 'बरी', 'झाडावर'. एकावर 'दुसरीकडून औषध, जुलाब'. आणि एकावर मुंगी. "एवढ्यांना औषध लागलंच नाही. एकीला लागलं, ते आज मिळालं. पण ती या खोलीत आपण होऊन आली नाही रे, तिला बोलवावं लागलं. तू बरोबर होतास. खोली घे तू."

"आणि तुम्ही?"

"मला फोन दे. टेबल जिन्याखाली टाक, चालेल. ज्याला औषधाविना पाठवलं त्याला दुसऱ्या दिवशी फोन करायचा, हा नियम कर. मी एकटी नाही बसणार. नव्या डॉक्टरांना पाळीपाळीने बसव माझ्याजवळ. बरं झालेलं पोर कसं ऐकू येतं, ते त्यांना एकदा कळू दे. आणि गप्प झालेलं पोर कसं ऐकू येतं, तेही."

त्याने अस्वल उचललं, क्षणभर हातात धरलं. "जिन्याखाली अंधार आहे मॅडम. दिवा लावून देतो."

सोमवारी खोलीत वाफेची यंत्रं आली. जिन्याखाली टेबल आलं, दिवा आला. पहिल्या पाळीला आलेली नवी डॉक्टरीण झाडावरच्या नातवाच्या आजोबांशी बोलून इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. बाईंनी तिला मुंगीचा नंबर दिला. "कान रडायचा कमी झालाय म्हणते," ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "आणि विचारतेय, तुम्ही कान सोडले का?"

"अजून नाही म्हणावं."

पाळी संपल्यावर नवी डॉक्टरीण गेली. जिन्यावरून पावलं वर-खाली जात राहिली. बाईंनी दिवा मालवला.

रविवारी घरी त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. भिंतीपलीकडचे शेजारी कुठे गावाला गेले होते, त्यांच्या बातम्याही नव्हत्या. फोन वाजला तसा त्यांनी उठून उचलला.

"आई, कशी आहेस?"

'मस्त' हा शब्द जिभेवर आलाच होता, नेहमीच्या सवयीने. बाईंनी तो तिथेच धरून ठेवला.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय रे. घर फार शांत आहे."

मग मुलाचा आवाज बदलला. "काय झालं? बरं वाटत नाहीये का? कुठे दुखतंय का तुला?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "दुखत काहीच नाही. तेच सांगतेय तुला."

"म्हणजे काय आई?"

"थांब," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची खिडकीजवळून ओढून फोनपाशी घेतली. "सांगते. तुला घाई नाही ना?"